सूर्यभान सरांची बत्तीस वर्षांची चूक

मार्च महिन्यातली गोष्ट. हैदराबादेत, आमच्या बँकेत दुपारची गर्दी होती आणि मी काउंटरवर होतो. सूर्यभान सरांचा फोन आला. सर कामाच्या वेळेत कधी फोन करत नसत. मी उचलला.

"विकास, तुझ्या वर्गातला अमरदीप कुठे असतो आता?"

"कोठीच्या बाजारात, सर. औषधांच्या होलसेल दुकानात. काय झालं?"

"मला तिथे घेऊन चल," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आवाज असा होता की मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून अंबरपेठेला त्यांच्या घरी गेलो.

सर आमचे इंग्रजीचे. जामबागेकडच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी शिकवलं, एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते. त्यांचे वडील देगलूरकडून हैदराबादेत आले आणि रेल्वेच्या गोदामात हमाली करत राहिले. घरात इंग्रजी तर सोडाच, लिहिलेला कागदही क्वचित यायचा. सर चौदा वर्षांचे असताना कोठीच्या फुटपाथवर त्यांना इंग्रजी व्याकरणाचं एक फाटकं गाईड मिळालं. त्याच्यावरच ते घडले. मॅट्रिक, बी.ए., बी.एड. असं एकेक करत आमच्या शाळेत आले आणि त्यांच्या घराण्यातले पहिले मास्तर झाले.

आणि काय शिकवायचे! आठवीत आल्यावर प्रत्येकाला त्यांची चोवीस पानांची झेरॉक्स पुस्तिका मिळायची. इंग्रजी व्याकरणातले दोनशे चौदा शब्द, प्रत्येकापुढे सरांनी स्वतः लिहिलेला अर्थ. कंजंक्शन म्हणजे मुसारामबागचा पूल, अंबरपेठ आणि मलकपेठ जोडणारा. ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे मालकाच्या डोक्यावरचा तुरा. तुरा पाहिला की वस्तू कुणाची ते कळतं. प्रीपोझिशन शिकवताना ते टेबलाच्या वर, खाली, मागे स्वतः जाऊन उभे राहायचे. टेबलाखाली शिरले की वर्ग ओरडायचा, "अंडर!" ती पुस्तिका आम्ही पाठ म्हणायचो. मी आजही म्हणू शकतो.

घरी पोचलो तर दार केसरबाई काकूंनी उघडलं. काकूंचा चेहरा उतरलेला.

"कालपासून जेवले नाहीत रे. मला वाटलं अटॅकच आला. बोलतच नव्हते. दवाखान्यात चला म्हटलं तर नक्को म्हणाले."

मग काकूंनीच सांगितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी रोशनी आली होती. ही आमच्याच शाळेतून पाच वर्षांपूर्वी निघालेली मुलगी, आता डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मलकपेठेत एक ऑफिस आहे. डॉक्टर लोक रिपोर्ट तोंडी बोलून पाठवतात आणि तिथली माणसं ते ऐकून टाइप करतात, तपासतात. रोशनीने तिथली परीक्षा दिली होती. बोलणारा डॉक्टर कोलन म्हणाला की कोलन टाकायचा, कॉमा म्हणाला की कॉमा. ती नापास झाली. पण तिथल्या मॅडमनी तिला बोलावून तपासलेला कागद दाखवला. सतरा चुका, आणि सतराच्या सतरा एकाच तऱ्हेच्या. कोलनच्या जागी सेमीकोलन आणि सेमीकोलनच्या जागी कोलन.

"मॅडम म्हणाल्या, बाकी काम फर्स्ट क्लास आहे, हे उलटं कुणी शिकवलं?" असं रोशनीने सरांना सांगितलं. आणि लगेच म्हणाली, "मी तुमचं नाव नाही सांगितलं, सर."

सर आधी चिडले. त्या बाईला काय कळतं, म्हणाले. कपाटातून डिक्शनरी काढली. पंचवीस वर्षं घरात असलेली जाडजूड डिक्शनरी. तिच्यात सरांनी हजारो शब्द पाहिले असतील, पण कोलन कधी पाहिला नव्हता. येत असलेला शब्द कोण बघतो? त्यांनी पान काढलं. कोलन: एकावर एक दोन टिंबं. मग सेमीकोलनचं पान काढलं. टिंब आणि त्याच्याखाली स्वल्पविराम.

सर उभे होते ते खाली बसले. खुर्ची मागे होती म्हणून बरं, असं काकू म्हणाल्या.

हे ऐकताना मी मनातल्या मनात पुस्तिकेचं ते पान म्हटलं. एकावर एक दोन टिंबं, सेमीकोलन. मी काकूंसमोरच मोबाइल काढून पाहिलं. मोबाइलही डिक्शनरीचंच सांगत होता. मी अडतीस वर्षांचा, बारा वर्षं बँकेत आणि मला हे माहीत नव्हतं. पत्रं लिहिताना खुणा बरोबर टाकत होतो, कारण पाहून पाहून हाताला सवय होती. नाव घ्यायची वेळच कधी आली नव्हती. परीक्षेतही कुणी नावं विचारली नाहीत. शाळेत इंग्रजी शिकवणारे सर एकटेच. बत्तीस वर्षं हे तसंच चालत आलं.

सर आतल्या खोलीतून बाहेर आले. दाढी केलेली नव्हती. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहत होतो.

"ते गाईड उजवीकडून फाटलेलं होतं," बसायच्या आधीच ते बोलायला लागले. "नावं होती, खुणा गेलेल्या. मी मराठीच्या पुस्तकावरून जुळवल्या. एक अर्धविराम, एक अपूर्णविराम म्हणजे दोन टिंबं. सेमी म्हणजे पुरता नाही तो. मग अपूर्णच ना? मी सेमीकोलनपुढे अपूर्णविराम लिहिला. उरलेला कोलनला गेला. चौदा वर्षांच्या पोराने केलेली जुळवणी, विकास. आणि मी ती पुन्हा कधी तपासली नाही."

"सर, दोन खुणा तर आहेत. होतं असं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अमरदीपने परीक्षा दिली होती. असल्याच ऑफिसात. आठवतं?"

मला आठवलं. अमरदीप माझ्याच वर्गातला, आमच्यात सगळ्यात हुशार. वीस वर्षांपूर्वी हैदराबादेत या डॉक्टरी टायपिंगच्या नोकऱ्यांची लाट आली होती. तेव्हा त्याचं इंग्रजी पाहून सरांनीच त्याला पाठवलं होतं. तो नापास झाला. पुन्हा दिली, पुन्हा नापास. मग त्याने तो नाद सोडला.

आम्ही कोठीला पोचलो तेव्हा अमरदीप दुकानाबाहेर खोक्यांना पट्ट्या मारत होता. सरांना पाहून लगबगीने उठला. "जय भीम, सर! तुम्ही इकडे? फोन करायचा ना." आत जाऊन स्टूल आणायला लागला. सरांनी त्याला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, शब्द मऊ केले नाहीत.

अमरदीप आधी हसला. त्याला थट्टा वाटली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली, आणि त्याचं हसू थांबलं.

"तीनदा दिली, सर," तो म्हणाला. "दोनदा नाही. तिसऱ्यांदा मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

तो पुढे बोलत राहिला.

"ऑफिसवाले सांगायचे, तू नीट ऐकत नाहीस. डॉक्टर एक बोलतो, तू दुसरंच टाकतोस. कागद दाखवायचे नाहीत. मला वाटलं माझे कान खराब आहेत." त्याने हातातली चिकटपट्टी खोक्यावर ठेवली. "मी कानाच्या डॉक्टरला दाखवलं, सर. त्यांनी मशीन लावून तपासलं. म्हणाले, कान ठीक आहेत. मला पटलं नाही. अम्मीलाही तेच सांगितलं, मला ऐकू कमी येतं म्हणून. ती जाईपर्यंत माझ्याशी मोठ्याने बोलायची."

रस्त्यावरून हातगाड्या चालल्या होत्या, हॉर्न वाजत होते. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. सरांनी दोन्ही हात जोडले. साठ वर्षांचा माणूस, विद्यार्थ्यासमोर. अमरदीप एकदम मागे सरकला.

"हात नका जोडू, सर. नका. आत्ता काहीच बोलू नका. मला माल पाठवायचाय." तो आत गेला आणि बाहेर आला नाही.

परत येताना रिक्षात सर एकच वाक्य बोलले. "बाकीचे किती असतील?"

दुसऱ्या दिवसापासून ते शोधायला लागले. शाळेची जुनी रजिस्टरं काढली. मी जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि सरांनी त्यात आपल्या आवाजात निरोप टाकला: माझी चूक झाली, ती अशी, दुरुस्त करून घ्या. पुष्कळांनी हसण्याची चित्रं पाठवली. सर तुम्ही ग्रेट आहात, असंही लिहिलं. त्याने सरांना जास्तच त्रास झाला. पुण्याला असलेल्या रेणूने मात्र फोन केला. तिची मुलगी पाचवीत असताना म्हणाली होती की मम्मी, तू उलटं सांगतेस. रेणूने तिला झापलं होतं. माझ्या सरांनी शिकवलंय, म्हणाली होती. ती मुलगी दोन दिवस रडली. सर हे ऐकून फोन हातात धरून तसेच बसले. काकूंनी फोन काढून घेतला.

एप्रिलच्या शेवटी सरांचा निरोप समारंभ होता. सर तिथेही हेच सांगणार याची हेडमास्तर नामदेवरावांना कुणकुण लागली होती. ते सरांच्या कानात म्हणाले, "आज नको, सूर्यभान. पाहुणे आलेत." सरांनी मान डोलावली, शाल घेतली, माइकपुढे गेले आणि फळ्यावर दोन्ही खुणा काढल्या. "या शाळेत मी बत्तीस वर्षं ही नावं उलटी शिकवली," म्हणाले. नामदेवराव पंख्याकडे बघत बसले. पहिल्या रांगेत रोशनी होती. तिने दुसऱ्यांदा परीक्षा दिली होती आणि पास झाली होती. तिचं नाव घेऊन सर म्हणाले, "हिने येऊन सांगितलं म्हणून मला कळलं." अमरदीप आला नव्हता.

तो मला मेमध्ये भेटला. बँकेत आला, पासबुक भरून घेतलं आणि जाता जाता म्हणाला, "माझी मुलगी आठवीत गेली. तिला सरांची ती पुस्तिका हवी आहे. पण आधी सगळी तपासून घ्यायला सांग. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. मग देईन."

मी निरोप पोचवला. सर उन्हाळाभर तेच करत होते. रोज सकाळी डिक्शनरी, रोशनीने आणून दिलेली दोन पुस्तकं आणि पुस्तिका. प्रत्येक शब्द दोन ठिकाणी पाहिल्याशिवाय त्याच्यापुढे टिक करायचे नाहीत. आणखी तीन चुका निघाल्या, लहानशा. पहिली सापडली त्या दिवशी पुन्हा जेवले नाहीत. तिसऱ्या वेळी काकू रागावल्या, "हौ, चुकलं ना? लिहा आणि ताटावर या!" तेव्हा उठले.

नवी पुस्तिका जूनमध्ये छापून झाली. पहिल्या पानावर सरांनी चारही जुन्या चुका लिहिल्या आहेत, त्या सापडल्या त्या तारखेसकट.

अमरदीपची मुलगी आता दर रविवारी सरांकडे इंग्रजी शिकायला येते. अमरदीप तिला गाडीवरून सोडतो आणि फाटकाबाहेरच थांबतो. काकू चहाला बोलावतात. तो हात वर करून नको म्हणतो आणि गाडीवर बसून राहतो, तास संपेपर्यंत.