सातेरीला घातलेली अट

"तुमच्या ह्यांना पुन्हा हॉस्पिटलात ठेवलंय, ताप..." शेजारच्या वहिनींचं एवढंच ऐकू आलं आणि लाइन तुटली. मी लंडनमध्ये, वन्संच्या घरात जिन्याखाली रिसीव्हर कानाला लावून उभी. वाशीला माझ्या नवऱ्याचं काय चाललंय ते सांगणारं पुढे कोणी नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा एकच फोन होता, तळमजल्यावरच्या ह्या वहिनींकडे. त्यानंतर वन्सं आणि मी आळीपाळीने नंबर फिरवत राहिलो. कधी नुसती घरघर, कधी तेही नाही. माझं परतीचं विमान शर्यतीनंतरचं होतं आणि तिकीट बदलून मिळत नव्हतं.

मी आले होते मॅरेथॉन धावायला. आज सांगतानाही थोडं ओशाळल्यासारखं होतं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वाशीत तेव्हा माणसं कमी आणि रस्ते रुंद. बेलापूरच्या बाजूला निघालं की एका अंगाला खाडी, मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला खुंट्या मारून आखलेले रिकामे प्लॉट. लग्नाआधी मी गावच्या शाळेत धावायचे. ते मोकळे रस्ते बघून पाय पुन्हा शिवशिवायला लागले. ऑफिसला जाण्याआधी मी पंजाबी ड्रेस घालून धावायचे आणि हे शेजारून सायकल चालवत यायचे, हँडलला लिंबू-सरबताची बाटली अडकवून. बघणारे हसायचे. हे त्यांना हात करायचे. मुंबईत आणि पुण्यात मी मॅरेथॉन पुरी केली, पण चार तासांच्या आत यायचं जे मनात होतं ते जमेना. वन्संनी लंडनच्या शर्यतीत नाव घातलं तेव्हा माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त आनंद झाला. "तिथली हवा थंड, रस्ते सपाट. चार तासांच्या आत येतेस की नाही बघ," म्हणाले.

आणि निघायच्या तोंडावर ह्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. हॉस्पिटलातून घरी सोडताना उतार पडतोय असं डॉक्टर म्हणाले, तरी मी जाणार नाही म्हणून बसले होते. सासूबाईंनी ऐकलं नाही. त्या सावंतवाडीकडच्या. इतकी वर्षं मुंबईत काढली, पण बोलणं गावचंच. "तू जा गो," त्या म्हणाल्या. "हयसर बसान तू काय त्येचो ताप उतरवतलंस? माज्या झिलाक बघूक मी आसंय." त्यांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून आमच्या गावदेवीला, सातेरीला गाऱ्हाणं घातलं. गावची रीत तशीच, देवीला आपलं सगळं मोठ्याने, घरच्या माणसाला सांगावं तसं सांगायचं, आणि शेवटी म्हणायचं, राखण कर.

शर्यतीच्या दिवशी सकाळीही फोन लागला नाही. "नको धावूस, घरीच थांब," वन्सं म्हणाल्या. पण घरी बसून त्या फोनकडे बघत राहणं मला जमलं नसतं. हजारो माणसांच्या गर्दीत मी सुरुवातीच्या रेषेकडे सरकत होते. थंडीने दात वाजत होते. सगळे एकमेकांना हसून शुभेच्छा देत होते आणि मी डोळे मिटून देवीशी बोलत होते. ते गाऱ्हाणं नव्हतं. मी म्हटलं, "माये, मी चार तासांच्या आत पोचते. तू ह्यांना बरं कर." बोलून गेले आणि वाटलं, आता माझ्या हातात काहीतरी आलं. दोन दिवस हातात काहीच नव्हतं ना.

मी सुटले ती भीतीच्या जोरावर. तिथल्या पाट्या मैलांच्या, त्यामुळे डोक्यात सतत आकडेमोड. निम्म्या वाटेपर्यंत मी वेळेच्या बरीच पुढे होते. रस्त्याच्या कडेची लहान मुलं हात पुढे करून टाळ्या मागत होती, कुठे बँड वाजत होता. मी त्यातलं काही धड पाहिलं नाही. मग पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. वेग पडला. घड्याळ मात्र थांबेना, आणि जे मी इतक्या सहज बोलून गेले होते ते आता माझ्याच मानेवर बसलं. मी एक पाऊल चालत टाकलं की वाटायचं, ह्यांचा श्वास तेवढा कमी झाला. चार तासांच्या आत नाही पोचले तर? मीच तर अट घातली होती. धावता धावता मी रडायला लागले. दर काही पावलांनी मनगट वर करून बघत होते आणि रडत होते.

तेव्हा शेजारून एक बाई आली. केस करडे, चेहरा लालबुंद, माझ्या आईच्या वयाची असावी. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. हात लांब करून तिने आपला तळवा माझ्या मनगटावर ठेवला, घड्याळ पूर्ण झाकलं. "ते राहू दे आता. रस्ता बघ," असं काहीसं ती इंग्रजीत म्हणाली. आम्ही तशाच, अवघडून, हात धरून कितीतरी अंतर गेलो. नंतर तिने हात सोडला, पण माझी मान खाली गेली की ती बोटाने समोर दाखवायची.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी मनात देवीशी पुन्हा बोलायला गेले, पण शब्दच उरले नव्हते. सासूबाईंच्या गाऱ्हाण्यातलं शेवटचं तेवढं आठवलं, राखण कर. पावलागणिक तेच येत राहिलं. ह्यांची राखण कर. ह्या बाईची कर. पुढे एक माणूस लंगडत होता, त्याचीही कर. मग मुलांचे पुढे केलेले हात दिसले आणि मी त्यांना टाळ्या दिल्या. पाय दुखत होतेच. छातीतला दगड मात्र हलला होता. आता मी वेळेत पोचणार नाही हे मला कळलं होतं, आणि तरीही मी देवीचा हात सोडला नव्हता.

शेवटच्या रेषेपाशी मी पोचले तेव्हा चार तास कधीच उलटून गेले होते. त्या बाईने मला कवेत घेतलं. तिने नाव सांगितलं, पण लाउडस्पीकरच्या गोंगाटात मला ते कळलं नाही. तिचा मुलगा तिला घ्यायला आला होता, त्याच्या खांद्यावर हात टाकून ती गेली.

वन्संच्या घरी आले, बूटही न काढता नंबर फिरवला. लागला. आणि पलीकडे वहिनी नव्हत्या, सासूबाई होत्या. आयुष्यात फोनला हात न लावलेली ती बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती, "गो, झील जेवलो! पेज जेवलो वाटीभर!" मी विचारलं, ताप कधी उतरला? "पहाटेकच उतारलो. घामान भिजलो नुसतो. ह्या मेल्या फोनाक जीव नाय होतो, तुका सांगतलंय कसा?"

वाशीची पहाट म्हणजे लंडनला अजून रात्र. मी तेव्हा अंथरुणात कूस बदलत पडले होते. रेषेवर उभं राहून मी देवीला अट घातली, त्याच्या कितीतरी आधी ह्यांचा ताप उतरला होता.

मी हुंदके देत सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वेडी काय गो तू? आवशीक कोन अट घालता? तिका सांगूचा आनि तिच्यार सोडूचा." त्यांच्या बोलीत आवस म्हणजे आई.

घरी पोचले तेव्हा हे खाटेवर उशीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. डोळ्यांत अजून पिवळी झाक. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "किती वेळ लागला?" मी सांगितलं. "बरं झालं," म्हणाले, "म्हणजे धावणं सुटायचं नाही."

पुढे मी पुष्कळ वर्षं धावले. चार तासांच्या आत एकदाही आले नाही, आणि त्याचं दुःख हळूहळू विरून गेलं. मागितल्यावर देणारे पुष्कळ भेटतात. मी मागायच्या आधीच जिने दिलं होतं, आणि तरी भर रस्त्यात त्या बाईच्या हाताने माझी अट झाकून मला पुढे नेलं, त्या देवीला मी काय परत देणार? आता मी तिच्यापुढे बसते, घरातलं बरंवाईट सांगते आणि उठून कामाला लागते.