बाबा रांगेत उभे राहत नसत

आरमोरीच्या आमच्या छोट्या चर्चची किल्ली माझ्या वडिलांकडे असे. रविवारी मंडळी यायच्या आत ते सतरंज्या झाडून अंथरत, खिडक्या उघडत, म्हाताऱ्यांसाठी मागे दोन खुर्च्या मांडत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होई, म्हणजे येशूची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, भाकर मोडायला घेतली की सगळे उठून रांग लावत. मी नववीत असताना बाबांनी त्या रांगेत उभं राहणं सोडलं. ते दाराशी जाऊन लोकांच्या चपला सरळ लावत बसत.

पोटात पाप असलं की तो घास गिळवत नाही, असं मंडळीतली एक बाई माझ्यादेखत म्हणाली. मला तिचा राग यायला हवा होता. आला बाबांचा.

बाबा पोस्टमन होते. सायकलवरून जंगलाकडच्या गावांत टपाल वाटत, ज्यांना वाचता येत नाही त्यांना तिथंच ओट्यावर वाचून दाखवत, निराधार बायांचे अर्ज भरून देत, तालुक्याहून कुणाच्या गोळ्या आणून देत. आईचा हात मोडला तेव्हा तीन महिने तिची वेणी त्यांनीच घातली, आणि रोज वाकडीच घातली. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. मी मनात म्हणायचे, म्हणू द्या. कारण मला आणखी एक गोष्ट ठाऊक झाली होती. दर वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी ते नदीकाठच्या मासेमारांच्या वस्तीत एका बाईकडे जात आणि तासभर बसून येत. मला वाटायचं ते वाटलं. कुणाला विचारलं नाही. लग्न होऊन भद्रावतीला गेले तेव्हा तो संशय माहेरी ठेवून गेले नाही, सोबत घेऊन गेले.

गेल्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं तेव्हा मी रजा काढून आले. एका संध्याकाळी पाळक भाकर आणि प्याला घेऊन घरी आले. बाबांनी पडल्या पडल्या हात जोडले आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

पाळक गेल्यावर माझा तोल सुटला. "आता तरी!" मी ओरडले. बाबांनी डोळे मिटले. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि इतक्या वर्षांचं सांगितलं.

मी नववीत असताना नदीकाठच्या त्या बाईच्या नावानं एक कार्ड आलं होतं. चामोर्शीकडे तिचा एकुलता भाऊ शेवटच्या घटका मोजत होता, तोंड पाहायचं तर ताबडतोब ये, असा मजकूर होता. बाबा कार्ड घेऊन पोचले तर तिच्या अंगणात पोरीची हळद चाललेली. त्यांच्याच्यानं ते वाचून दाखववेना. लग्न पार पडू दे, मग देऊ, म्हणून कार्ड दोन दिवस पिशवीत ठेवलं. ती भावाच्या गावी पोचली तेव्हा त्याची राख सावडून झाली होती.

"ज्याच्या मनात आपल्याबद्दल सल हाय, आधी त्याच्याशी समेट करा अन् मंग देवापुढं या, असं शास्त्रात हाय," आई म्हणाली. "तुह्या बापानं ते धरून ठेवलं. दर साली माफी मागाले जाते. ते बाई देत नाई."

"मंग मंडळीत सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं त सारे तिच्या मागं लागले असते, माफ कर म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्कूटी काढली. नदीकाठच्या वस्तीत ती म्हातारी अंगणात फाटकं जाळं विणत होती. मी कोण ते सांगितलं आणि, बाबा मरणाच्या दारात आहेत, एवढा एक शब्द द्यायला काय जातं तुमचं, असं भांडायच्या सुरातच विचारलं. तिनं जाळं बाजूला ठेवलं.

"माफ कवाच केलं, माय. तोंडानं म्हटलं नाई. म्हटलं असतं त पोस्टमनभाऊ दुसऱ्या साली आले असते काय? माह्या भावाची गोष्ट आयकाले दुसरं कोन येते? पोट्टे म्हनतात, पुरे झालं आता."

 मग तीच उठली, लुगड्याला हात पुसले आणि स्कूटीवर मागे बसली.

घरी आल्यावर ती बाबांच्या खाटेला टेकून खाली बसली. "सोडलं, भाऊ," म्हणाली.  बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मंग आता भावाची याद कोनापाशी काढशील, बाई?" तेव्हा ती रडली. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं.

रविवारी उपासना आटोपून पाळक आले. ते पुस्तक उघडत होते तेवढ्यात मी बाबांच्या कानाशी वाकले. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नव्हते.

"बाबा, तुमी त्या बाईकडे काऊन जाता याचा मी लय वंगाळ अर्थ काढला होता. इतकी सालं."

"मालूम हाय मले."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू इचारशील म्हनून वाट पाहून राह्यलो होतो."

पाळकांनी आमच्यापुढं ताट धरलं. बाबांनी भाकर उचलली. माझा हात उठेना. त्यांनी आपला तुकडा कसाबसा मोडला आणि अर्धा माझ्या तोंडाशी धरला.  मी तो खाल्ला.

चौथ्या दिवशी बाबा गेले.