थॉमस साहेबांना फोन जोडायचा नाही

तहसीलदार माझ्या टेलिफोन बोर्डालाही लाखेचं सील ठोकायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, "साहेब, हे बंद केलं तर कलेक्टर साहेबाचा फोन कुठी येणार?" त्यांनी लाख परत पिशवीत टाकली.

वरोऱ्याजवळचं आमचं पॉवर स्टेशन विदेशी कंपनीचं. सीमेवर लढाई सुरू झाली, दारूगोळ्याच्या कारखान्याची वीज अडायला नको म्हणून सरकारनं ते ताब्यात घेतलं. कंपनीची माणसं गेली. चार्ज द्यायला, म्हणजे यंत्रं नव्या माणसांना समजावून द्यायला, थॉमस साहेब तेवढे राहिले. आणि मी, ऑपरेटर. बाहेरचा कॉल आधी माझ्या बोर्डावर पडायचा, मग मी आत जोडायची. इंग्रजी तिथंच ऐकून ऐकून शिकले.

हुकूम होता, विदेशी माणसाला फोन नाही. नेमकं त्याच आठवड्यात तिकडे त्यांच्या देशात साहेबांच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन. साहेब रोज माझ्या काचेबाहेर येऊन उभे राहायचे. नवी माणसं त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची, तेही इकडंतिकडं बघून.

मी तहसीलदारांकडे गेले.

"बाई, मले सस्पेंड करून राह्यल्या का तुमी?"

"त्याले नका देऊ फोन. मी ऐकते न् सांगते. तुमी इथीच बसा."

"तुमची इंग्रजी तं सरकारी जीपवानी, ढकलल्याबिगर चालत नाई."

"चालते न पण."

ते खुर्ची ओढून बसले.

कॉल आला. साहेबांच्या बाई स्वतःच बोलत होत्या. ऑपरेशन नीट झालं होतं. त्यांचं एकेक वाक्य मी खिडकीच्या फटीतून साहेबांना सांगायची, साहेबांचं त्यांना. शेवटी बाई म्हणाल्या ते नवराबायकोतलं होतं. मी पन्नाशीची, शेजारी तहसीलदार. तरी जसंच्या तसं म्हटलं, "आय मिस यू, माय लव्ह." तहसीलदारांना खोकला आला.

साहेबांनी विचारलं, आवाज कसा आहे तिचा?

म्हटलं, "वीक. बट अँग्री."

ते हसले. लाइन गेल्यावरही बराच वेळ तिथंच उभे होते.

पुढे चार्ज देऊन ते मायदेशी गेले. सरकारी लोकांनी आपले डायरेक्ट फोन बसवले, माझा बोर्ड वाजेना. नोकरी टिकली, पगारही वेळेवर. पण सगळ्यांना मी 'कंपनीची बाई'. डबा बोर्डापाशीच एकटी बसून खायची.

ताबा घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. यंत्रं घ्या, इमारती घ्या. पण आत राहिलेल्या माणसाशी बोलायचं कोणी, तेही हुकमातच लिहा. आपणहून कोणी बोलत नाही.