धुऱ्यालगतची पहिली पात

गेल्या वर्षी मी ऑनलाइन जगं बांधायला शिकत होते. संगणकावर एखादं गाव, बाजार किंवा शेत उभं करायचं आणि माणसांनी आपापल्या मोबाइलवरून त्यात शिरून बोलायचं, हिंडायचं, काम करायचं. शेवटचा गृहपाठ असा होता: चारचौघांनी मिळून करायच्या कामाचं जग बांधा, ते काम खरोखर येणाऱ्या माणसाला आठ दिवस त्यात वावरू द्या आणि तुमचं काय चुकलं ते न लपवता लिहा. बांधण्यापेक्षा या चिकित्सेलाच जास्त गुण होते. मला तो सरळ अन्याय वाटला, कारण माझ्या चुका कोणी दाखवल्या की मला राग येतो.

सानगडीच्या घरी बसून मी धानाची रोवणी, भाताची लावणी, बांधली. चिखल, पाणी, हिरवा रंग, झालं! मी स्वतः रोवणीत कधी वाकले नव्हते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चहाची किटली पोचवण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती.

जाणकार घरातच होती. माझी मोठी आई, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. गावातल्या बायकांच्या रोवणीच्या टोळीत धुऱ्यालगतची पहिली पात कायम तिची. पात म्हणजे एकेकीच्या वाट्याला येणारा पट्टा. पहिली सरळ तर सगळ्यांच्या सरळ. त्या वर्षी मात्र गुडघ्यामुळे डॉक्टरांनी चिखलात पाय घालायची बंदी केली होती. टोळी सकाळी आमच्या दारावरून हसत-खिदळत जायची आणि ही समोरच्या खोलीत तांदूळ निवडत बसायची. गुडघ्याचं तिला फारसं काही नव्हतं. घोर होता तो पातीचा. "एक साल सुटली का सुटलीच," ती म्हणायची. "दुसरी कोनी धरनच."

निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायला लागली, तेव्हा मी तिच्या हातात मोबाइल दिला. पडद्यावर लुगड्यातली एक बाहुली होती. बाहुली वाकली, रोप रोवलं, एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा वाकली. मी शाबासकीची वाट पाहत उभी.

"अवो, हे पुढं काहून जाऊन राहिली? आपलंच रोवलेलं तुडवून राहिली ना!"

रोवणी मागे सरकत करतात. रोवायचं आणि पाऊल मागे घ्यायचं. हातात किटली धरून मी हे शंभरदा पाहिलं होतं आणि तरी पाहिलं नव्हतं. मोठ्या आईला त्याहून जास्त राग आला तो तुडवलेली रोपं तशीच ताठ उभी राहत होती त्याचा. एवढी बेशरम रोपं तिने जन्मात पाहिली नव्हती.

बाहुल्यांना मागे चालायला शिकवण्यात माझे दोन दिवस गेले. तोवर तक्रारींची यादी वाढली होती. चिखलातलं पाणी निळं कसं? कोणी कंबर सरळ का करत नाही? आणि एवढ्या बाया असून कोणी बोलत कसं नाही? मी फुगून बसले, मग मुकाट्याने आवाजाची सोय केली आणि टोळीतल्या पाच जणींना एका संध्याकाळी बोलावलं. त्या आपापल्या अंगणात बसून माझ्या शेतात आल्या. दिवसभर खरी रोवणी करून आलेल्या बाया पुन्हा रोवायला लागल्या, आणि गलका असा की माझ्या लॅपटॉपचा आवाज मला कमी करावा लागला. मोठी आई पहिल्या पातीत होती. कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली.

तेवढ्यात तिच्या मोबाइलचं नेट गेलं.

माझ्या जगात एक सोय होती आणि तिचा मला फार अभिमान होता. कोणी बाहेर पडलं की बाकीची रांग सरकून जागा भरून काढायची, काम थांबायचं नाही. दोन मिनिटांनी मोठी आई परत आली.

"माही पात कोठी गेली?"

रांग सरकली होती. तिची बाहुली पार शेवटी जाऊन उभी होती. ती म्हणाली, "बराबर हाय तुहं. असंच होते." आणि मोबाइल ठेवून आत गेली. आठ दिवसांत तिने चूक न काढलेली ही एकच गोष्ट, आणि मला रडू आलं. तिकडे पाचही जणी अजून जोडलेल्याच होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रोवणी आमच्याच शेतात होती. टोळी दारावरून पुढे गेली नाही, थांबली. "चाल वो," त्यांच्यातली एक मोठ्या आईला म्हणाली, "आन येताना बारदाना घे."

मी किटली घेऊन मागोमाग गेले. बायांनी पाती धरल्या, काम सुरू झालं, आणि मला दिसलं की धुऱ्यालगत हातभर चिखल उघडाच सोडलाय. आठ दिवस चुका ऐकून घेतल्या होत्या, आता माझी पाळी होती.

"पहिली पात राहिली ना!" मी ओरडले.

"राहिली नाही, ठेवली," एकीने वाकल्यावाकल्याच उत्तर दिलं. "धुऱ्यावरून हात पुरते तेवढीच. तिची हाय ते."

मोठ्या आईने बारदान्याची घडी धुऱ्यावर टाकली, दुखरा पाय कोरड्यात लांब केला आणि ओणवून पहिलं रोप रोवलं. मग दुसरं. ती धुऱ्यावरूनच मागे सरकू लागली आणि तिच्यामागून बारदाना ओढायचं काम माझ्याकडे आलं. डोळे पुसायचे तर हात मोकळे नव्हते. दहा मिनिटांत ती दुसऱ्या पातीवर खेकसली, "वाकडी जाऊन राहिली, दिसत नाही का?" आणि सगळी टोळी खो खो हसली.

घरी आल्यावर रांग सरकवणारी ती सोय मी काढून टाकली. काय चुकलं, या प्रश्नाखाली सगळ्यात आधी तीच लिहिली. मोठ्या आईने खात्री करून घेतली. मुद्दाम माझ्या शेतातून बाहेर पडली, सावकाश चहा प्यायली, परत आली आणि उघड्या पडलेल्या पहिल्या पातीत जाऊन उभी राहिली.

"आता बराबर हाय," ती म्हणाली. "पानी तेवढं सुधार."