माहेर विचारणारे डॉक्टर

लातुरातले भुलीचे डॉक्टर टेबलावरच्या बाईला माहेर विचारल्याशिवाय सुई उचलत नसत. पुरुषाला आजोळ विचारत. नाव, वय, गाव सगळं कागदावर असे. तरी ते उशाशी स्टूल ओढून बसत आणि म्हणत, "माय, माहेर कुठलं तुझं?" नवख्या सिस्टरांना वाटे, पेशंटची भीती घालवायला म्हातारा गप्पा मारतो. भीती जायचीही. पण प्रश्न त्यासाठी नव्हता.

त्यांचं स्वतःचं रुग्णालय नव्हतं. बोलावतील तिथं जुन्या स्कूटरवरून जात. मी एका वर्तमानपत्रासाठी आरोग्याच्या बातम्या करत असताना आमची ओळख झाली. बातमी मात्र त्यांनी कधी दिली नाही. खोटी बिलं कोण लावतं, असं विचारलं की म्हणत, "चोर धरणं तुमचं काम. माझ्या टेबलावर चोरी होऊ न देणं माझं."

टेबलापुरता हा नियम ते कडक पाळत. कमरेत सुई देऊन भागलं असेल, तर कागदावर पूर्ण भूल लिहायला ते तयार नसत. मग गरिबांच्या सरकारी उपचार योजनेतून कितीही जास्त मिळो. आधीच सही करून ठेवा म्हटलं, की पेनाचं टोपण दाखवत. "पेशंट जागा झाला की हे निघतं." एका तरुण सर्जननं एकदा टोमणा मारला, "सर, तुमच्यामुळं आम्ही संत होऊन राहिलो." डॉक्टर म्हणाले, "व्हा की. जागा लई रिकाम्या हायत."

माहेराचा प्रश्न कशासाठी, ते एका सकाळी त्याच सर्जनच्या रुग्णालयात उघड झालं. हकिकत तिथल्या सिस्टरांनी मला सांगितली. डॉक्टरांनी नुसती मान हलवून दुजोरा दिला. अहमदपूर तालुक्यातली एक बाई पित्ताशयातल्या खड्यांसाठी दाखल झाली होती. सरकारी योजनेची मंजुरी आली होती. डॉक्टरांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. वय सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगितलं. सगळं कार्डाबरहुकूम. मग त्यांनी माहेर विचारलं. तिनं दाराकडं पाहिलं, सिस्टरांकडं पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "माझं सांगू का जावेचं?"

सिस्टर हसल्या. डॉक्टर हसले नाहीत.

कार्ड थोरल्या जावेचं होतं. लग्नानंतर धाकटीचं नाव रेशन कार्डात चढवायचं राहून गेलं होतं, म्हणून तिला योजना लागू होत नव्हती. दुखणं मात्र थांबत नव्हतं. थोरलीच्या नावावर करून घेऊ, असं घरात ठरलं. कार्डावरचा फोटो जुना, डोक्यावर पदर. रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर कुणी तो नीट पाहिला नव्हता.

सर्जन वैतागले. "सर, घरातलीच बाई आहे. गरीब आहे. ह्यात नुकसान कुणाचं?"

"हिच्या जावेचं," डॉक्टर म्हणाले. "माणसाला पित्ताशय एकच असतंय. आज कागदावर थोरलीचं निघालं. उद्या तिला खरंच खडे झाले, तर कोणतं काढताल? अन् आज तुम्ही दयेनं करून राहिलात. पुढच्या खेपेला दया नसली तरी हात तसाच चालतो."

शस्त्रक्रिया हातची गेली असं वाटून बाई रडायला लागली. "रडू नको माय," डॉक्टर म्हणाले. "आपरेशन होणार हाय. तुझ्याच नावावर होणार." दुखणं तातडीचं नाही, औषधांवर काही दिवस थांबता येईल, हे त्यांनी सर्जनकडून तिथंच वदवून घेतलं. मग बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला तहसीलला पिटाळलं.

थोरली जाऊ डबा घेऊन बाकावर बसली होती. "माझंच चुकलं, डाक्तर. मीच म्हणलं, माझं कार्ड घे."

"जावेला डबा द्यावा, लुगडं द्यावं," डॉक्टर म्हणाले. "पित्ताशय देऊ नये."

सर्जननं चूक कळवून मंजुरी रद्द करून घेतली. डॉक्टरांना त्यानंतर बरेच दिवस तिथून बोलावणं आलं नाही. आलं ते त्याच बाईच्या शस्त्रक्रियेसाठी. नाव चढलं होतं, नवी मंजुरी आली होती आणि तिनं सांगून ठेवलं होतं, माहेर विचारणारेच डाक्तर पाहिजेत.

"माय, आज कुणाचं माहेर?"

"माझंच. अर्धापूर. आमच्याकडं केळीच्या बागा..." बागांचं पुढं काय, ते राहिलं. तिला झोप लागली होती. शस्त्रक्रिया नीट पार पडली.

हात किंचित कापू लागले तेव्हा कुणी सांगायच्या आत डॉक्टरांनी काम थांबवलं. ते नांदेडला लेकीकडं राहायला गेले. जाण्याआधी भेटायला गेलो, तर त्यांनी स्कूटर विकल्याचं तेवढं सांगितलं.

गेल्या वर्षी मला त्याच रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. माझंही पित्ताशयच. योजनेच्या खिडकीवरच्या मुलीनं कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं. टेबलावर घेतल्यावर भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाई स्टूल ओढून उशाशी बसल्या.

"काका, आजोळ कुठलं तुमचं?"

मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. "शिकवलं म्हणजे? इथं सगळ्यांनाच विचारतात."

"देगलूर," मी म्हणालो. पुढं मामांचं नाव सांगणार होतो. ते राहिलं.