बाने लिहून दिलेला दाखला

धसईहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत बसवताना बाने माझ्या हातात चार घड्यांचा कागद दिला. म्हणाला, "ह्यो दाखला. सायबाला दावायचा, मंग तुला कोन नाय म्हननार नाय." साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी सतरा वर्षांची, मुंबईला नर्सिंग शिकायला निघालेली, आणि शाळेत गेले होते ते मोजून चार दिवस.

शाळेत आमच्या वाडीच्या पोरांना मास्तर अंगण झाडायला लावी. पाचव्या दिवशी बाने मला घरीच ठेवलं. "झाडू मारायला माजी पोर नाय धाडली," एवढंच बोलला. तो जंगलात कोळशाच्या भट्टीवर राबायचा आणि तिथल्या मुकादमाकडून लिहा-वाचायला शिकला होता. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं घर, त्याच्या कुडाच्या भिंतीवर तो कोळशाने धडा लिहायचा. आय भिंत सारवायची त्या दिवशी धडा जाई, तोवर पाठ झालाच पाहिजे. आय सारवायला कधी चुकली नाही, त्यामुळे मलाही चुकायची सोय नव्हती.

दाखल्यात बाने लिहिलं होतं, 'माझी मुलगी माझ्या घरी सात इयत्ता शिकली. वागणूक चांगली.' खाली पाच पंचांचे अंगठे. जमीन असो की सोयरीक, आमच्याकडे पंचांचे अंगठे पडले की गोष्ट पक्की. त्यांतल्या एकालाही वाचता येत नव्हतं. तरी प्रत्येकाने माझ्याकडून जुनं वर्तमानपत्र वाचून घेतलं, मी अडखळत नाही हे कान देऊन ऐकलं, आणि मगच अंगठा उठवला.

मुंबईत नर्सिंग शिकवणाऱ्या इस्पितळातल्या कारकुनाने तो कागद टेबलाटेबलावर फिरवला. "अंगठेबहाद्दरांची युनिव्हर्सिटी कुठं आली?" म्हणाला. सगळे हसले. लाजेने मीही हसले, त्याची मला आजही चीड येते. नर्सिंग राहिलं आणि मी दुसऱ्या एका इस्पितळात आया म्हणून लागले. ड्यूटी, वॉर्ड, बेडपॅन.

त्याच आठवड्यात मी घरी पत्र टाकलं. 'तुझ्या कागदाला इथे कुत्रं विचारत नाही. माझं वाटोळं केलंस, चंदीचं तरी करू नकोस. तिला शाळेत घाल.' चंदी माझी धाकटी बहीण, तेव्हा नऊ वर्षांची, जोडाक्षरांपर्यंत आलेली. बाने पत्र तीनदा वाचलं, असं आयने नंतर सांगितलं. मग तिच्याकडून भिंत सारवून घेतली आणि पुन्हा कोळसा हातात धरला नाही. शाळेतही घातलं नाही. पुढच्या हंगामात चंदी आयबरोबर वीटभट्टीवर गेली आणि आली होती ती अक्षरंही विसरली.

दोन वर्षांनी बा वारला. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आज पंधरा-वीस वर्षांनी मला चाळीत खोली आहे, नोकरी पर्मनंट आहे. माझं पत्र गेलं की चंदी ते धसईच्या दुकानदाराकडे नेते आणि तो गिऱ्हाईक करता करता मोठ्याने वाचतो. म्हणून मी नुसती खुशाली लिहिते. चूक माझी होती, हे चार लोकांत परक्याच्या तोंडून तिला कसं ऐकवू? समोर बसून सांगायला जाते, तर तीच म्हणते, "बाय, तू शिकलेली, तुला कलतं. आमाला काय कलनार?" मग मी पाऊसपाण्याचं विचारते आणि परतीची एसटी धरते.

घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर मी अजून वाडीचंच नाव सांगते. पण त्या घरात माझं अक्षर वाचणारं कोणी नाही, आणि ते माझ्याच हाताने झालं.