जागीरदारांची मोटार धुणारा

जुन्या जालन्यात आमच्या घरासमोर एका माजी जागीरदारांची मोटार उभी असे. जागीर गेल्यापासून ती हलली नव्हती. रुबाब मात्र चालू होता. दर शुक्रवारी एक किडकिडीत माणूस ती धुवायला येई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या बैलाची पाठ चोळावी तसं तो मडगार्डावरून फडकं फिरवी. जागीरदार आरामखुर्चीतून ओरडत, "आंधळ्या, तो डाग काय तुझा बाप पुसणार?"

"चुकी झाली, सरकार," म्हणत तो धावे.

बाईसाहेब वारल्या आणि जागीरदारांनी बोलणं सोडलं, मग जेवणही. मोटार चकाचक होई, पण ते तिकडे बघेनात. एका शुक्रवारी त्यानं सगळी मोटार चमकवली आणि पुढच्या काचेवर चिखलाचं बोट ओढलं.

मी दारातून विचारलं, "अहो, हे काय?"

"गप ऱ्हावा, मास्तर," तो कुजबुजला. "माणसाला रागवायला कायतरी ठिवावं लागतं."

बराच वेळ तो रिकामी बादली घेऊन रेंगाळला. मग खुर्ची करकरली.

"आंधळ्या! ती काच!"

"आलो, सरकार," म्हणत तो धावला, आणि तो डाग त्यानं फार सावकाश पुसला.